अंगण फोडण्यापूर्वी आणखी एक वर्ष

लग्नाचा हंगाम जवळ आला की आमच्या वसईच्या गावांतून एक ठराविक आवाज ऐकू येऊ लागतो. तो बँडचा नव्हे. पेव्हर ब्लॉक कापणाऱ्या यंत्राचा. घरात मुलाचे किंवा मुलीचे लग्न ठरते, परदेशातील थोरला सुटीवर येणार असतो, पाहुण्यांची यादी पाचशेवर जाते आणि एके रात्री जेवणे आटोपल्यावर कुटुंबातील कोणीतरी ते वाक्य उच्चारतोच : ‘वाडी आता जुनी झाली, एकदाची नवी करून टाकू.’ दुसऱ्या दिवशी कंत्राटदार येतो. तिसऱ्या दिवशी जेसीबी. चौथ्या दिवशी आजोबांनी लावलेला फणस, आजीचा मोगरा, विहिरीवरून केळीपर्यंत जाणारा पाट आणि कोपऱ्यातले अर्धे बुजलेले बावखल यांचा मिळून एकच सपाट चौकोन झालेला असतो. त्या चौकोनावर मांडव उभा राहतो, लग्न थाटात लागते, छायाचित्रे निघतात. मांडव तीन दिवसांनी उतरतो. चौकोन मात्र तीस वर्षे तसाच राहतो.

आम्ही नूतनीकरणाचे वैरी नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. जी वाडी कधीच नवी होत नाही ती वाडी मरते. झाडाला वय असते, विहिरीत गाळ साचतो, माती थकते. आमचे भांडण आहे ते वेळेशी. वाडी नवी करण्याची वेळ आली की नाही हे आज आमच्या घरांत कोण ठरवते? लग्नपत्रिका ठरवते, विमानाचे तिकीट ठरवते, शेजाऱ्याने गेल्या वर्षी बसविलेली तांबडी-पिवळी लादी ठरवते. माड, आंबा, विहीर आणि त्या वाडीत दिवस काढणारी म्हातारी माणसे यांना मात्र कोणी विचारत नाही. वाडीच्या नूतनीकरणाची वेळ वाडीनेच सांगावी आणि आपण ती ऐकण्यास शिकावे, एवढेच या लेखाचे मागणे आहे.

हे लिहिताना आमचे हात स्वच्छ आहेत असा आमचा दावा नाही. आमच्याच घरी २००७ साली धाकट्या बहिणीचे लग्न निघाले तेव्हा आम्ही तीन गुंठ्यांचे अंगण पंधरा दिवसांत सिमेंटचे करून घेतले. मध्यभागी एक रायवळ आंबा होता. तो तोडण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. म्हणून त्याच्या बुंध्याला अगदी टेकवून काँक्रीट ओतले आणि झाड वाचविल्याचे समाधान मिळविले. वडील ओटीवरून पाहत होते. ते एवढेच म्हणाले, ‘अरे, त्याला श्वास घ्यायला तरी जागा ठेवा.’ आम्ही हसलो. पहिली दोन वर्षे काही दिसले नाही. तिसऱ्या वर्षी शेंडे वाळू लागले, पाचव्या वर्षी मोहोर आला नाही आणि सहाव्या वर्षी, ज्या झाडाला वाचविले म्हणून आम्ही मिरवत होतो, ते करवतीने कापून काढावे लागले. वडील त्यापूर्वीच गेले होते. त्यांच्या शवपेटीवर वाहायला फुले आम्ही बाजारातून आणली. कारण अंगणात फुलाचे एकही झाड उरले नव्हते.

मुळे श्वास घेतात ही कवीची कल्पना नव्हे. झाडाला अन्नपाणी पुरविणारी बारीक मुळे बहुतेक जमिनीच्या वरच्या हात-दोन हात थरात पसरलेली असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. वर काँक्रीटचा थर पडला की हवा बंद, पाणी बंद. झाड लगेच मरत नाही. खोडात साठविलेल्या शिदोरीवर ते काही वर्षे काढते. म्हणूनच आपल्या हातून झालेला घात आपल्याला दिसत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला तो याच कारणाने. आमच्या वडिलांना लवाद ठाऊक नव्हता. पण आंबा ठाऊक होता.

आमची वाडी म्हणजे काय, याचाच आपल्याला विसर पडत चालला आहे, असे आम्हाला खेदाने म्हणावे लागते. शहरातील बंगल्याभोवती बगिचा असतो. तो शोभेसाठी असतो. मालकाला कंटाळा आला की बदलता येतो. गास, निर्मळ, भुईगाव, गिरीज, उमराळे, नंदाखाल या आमच्या गावांतील वाडी ही शोभेची वस्तू कधीच नव्हती. ते एक चालते यंत्र होते. वर माड आणि सुपारी, त्यांच्या सावलीत राजेळी केळ, कुंपणाला जास्वंद आणि तगर, ओटीजवळ मोगरा, मध्ये विहीर, विहिरीवर रहाट आणि उताराच्या कडेला बावखल. पावसाचे पाणी बावखलात उतरायचे, बावखलातून जमिनीत मुरायचे, जमिनीतून विहिरीत यायचे आणि रहाटाने पाटावाटे पुन्हा केळीच्या अळ्यात जायचे. उन्हाळ्यात बावखलातला गाळ काढून झाडांच्या बुंध्याशी घालायचा. त्या एका कामात बावखल खोल व्हायचे आणि माडाला खत मिळायचे. म्हणजे आमच्या पूर्वजांच्या वाडीचे नूतनीकरण दरवर्षीच होत असे, थोडे थोडे, आवाज न करता. ते ज्या दिवशी थांबले त्या दिवशी आमची वाडी म्हातारी होऊ लागली.

येथे पाण्याचा हिशेब मांडला पाहिजे, कारण भावनेला उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. हिशेबाला उत्तर देणे कठीण जाते. एक गुंठा म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटर. त्यावर एक मिलीमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी होते. शंभर मिलीमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर, एक मोठा टँकर भरून. वसईत एका पावसाळ्यात दोन हजार मिलीमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. म्हणजे एका गुंठ्यावर दरवर्षी वीस टँकर पाणी प्रभू आपल्या दारात विनामूल्य आणून ओततो. त्यातले सगळेच मुरते असे नाही. पण मोकळी माती आणि बावखल असले तर मोठा वाटा जमिनीत जातो. तीन गुंठ्यांचे अंगण फरसबंद करणारा गृहस्थ साठ टँकर पाणी गटाराच्या स्वाधीन करतो आणि एप्रिल उजाडला की एक टँकर विकत घेण्यासाठी रांगेत उभा राहतो.

आणि आमची जमीन समुद्राकाठची आहे. येथे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण गोडे पाणी हलके. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असली तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी टिकू शकते, असा भूजलशास्त्राचा ढोबळ नियम आहे. उलट वरचे एक फूट गेले की खालचे चाळीस धोक्यात येते. गेल्या शतकाच्या अखेरीस टँकरवाल्यांनी आमच्या गावांच्या विहिरी उपसल्या आणि कित्येकांचे पाणी मचूळ झाले, तो अनुभव ज्यांनी घेतला आहे ती माणसे अजून हयात आहेत. तेव्हा उपसणारे बाहेरचे होते. आज पाणी मुरू न देणारे आपणच आहोत. विहिरीच्या दृष्टीने दोन्ही अपराध एकाच जातीचे.

जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा परिसर पाण्याखाली गेला, रेल्वे ठप्प झाली, हे कोणी विसरलेले नाही. त्या पुराची कारणे अनेक होती आणि त्यांतली बहुतेक आपल्या अंगणापेक्षा मोठी होती, हे आम्हाला मान्य आहे. तथापि पाणी कोठे जाणार होते? ज्या जागा ते पूर्वी पीत होत्या, त्यांतील काही आपणच स्वतःच्या हातांनी बुजविल्या होत्या.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. ते सर्वस्वी खोटे नाही, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे आवश्यक आहे.

पहिला मुद्दा असा, की पावसात चिखल होतो आणि आई-बाबा घसरतात. हा मुद्दा खरा आहे. ज्या घरात ऐंशी वर्षांची माता आहे त्या घरात ओटीपासून फाटकापर्यंत चार फूट रुंदीची, खडबडीत लादीची, चाकाची खुर्ची जाईल अशी वाट असलीच पाहिजे. ती आजच करावी. तिच्यासाठी लग्नाची वाट पाहू नये. परंतु चार फुटांच्या गरजेसाठी तीन गुंठे का बुजवायचे? शिवाय आमच्या पावसाळ्यात सावलीतल्या पेव्हर ब्लॉकवर जे हिरवे शेवाळ धरते, त्यावर मातीपेक्षा अधिक माणसे घसरतात, हे आपल्यापैकी ज्यांनी कंबरेला पट्टा बांधला आहे ते सांगतील.

दुसरा मुद्दा : वाडी झाडणार कोण? मुले सकाळी लोकलने जातात ती रात्री येतात; गडी मिळत नाही; माडावर चढणारा शोधून सापडत नाही. हाही मुद्दा खरा आहे, आणि त्याचे उत्तर झाडे कमी करण्यात, जवळ आणण्यात, कमी निगेची निवडण्यात आहे. दहा माड सांभाळता येत नसतील तर पाच ठेवा. पण हाच कंत्राटदार माड काढून तेथे गुळगुळीत हिरवळ आणि रांगेने बॉटल पाम लावून देतो, तेव्हा ती हिरवळ दर पंधरवड्याला कोण कापणार आणि उन्हाळ्यात तिला रोज पाणी कोण घालणार, हे विचारण्याचे भान आपल्याला राहत नाही.

तिसरा मुद्दा मोटारीचा आणि चौथा डासांचा. मोटारीला दोन चाकांपुरत्या दोन पट्ट्या पुरतात. मधली जमीन मोकळी राहू शकते. डास साचलेल्या, दुर्लक्षित पाण्यात होतात. ज्या बावखलाचा गाळ निघतो आणि ज्यात गप्पी मासे असतात त्याने डासांना थारा दिल्याचे आम्ही पाहिलेले नाही. दुर्लक्षाचा दोष बावखलावर लादायचा आणि मग त्यालाच मातीखाली गाडायचे, हा न्याय नव्हे.

परंतु, वाचकहो, आमची तक्रार केवळ जेसीबीवाल्यांविरुद्ध आहे असे समजून दुसऱ्या पक्षाने खूश होऊ नये. दुसरा पक्षही आपल्याच घरांत नांदतो. ‘आजोबांनी लावलेले झाड आहे, हात लावायचा नाही,’ असे तो म्हणतो आणि खरोखरच हात लावत नाही. खत घालायला नाही, बांडगूळ काढायला नाही, वाळकी फांदी उतरवायलाही नाही. या भक्तीचे दुसरे नाव आळस आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील माडा-पोफळींच्या बागा आडव्या केल्या. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ आमच्या किनाऱ्याजवळून गेले आणि आमच्याही गावांत झाडे कोसळली. वादळापुढे निरोगी झाडही पडते, हे खरे. पण पोकळ झालेला, छपरावर झुकलेला, पाच वर्षे एकही नारळ न दिलेला माड केवळ आठवणीखातर म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यावर उभा ठेवणे याला प्रेम म्हणता येणार नाही. एक पक्ष एका दिवसात सारे पाडतो. दुसरा तीस वर्षे काहीच करीत नाही. आमच्या मते दुसराच पहिल्याला जन्म देतो. बापाने तीस वर्षे वाडीकडे पाहिले नाही म्हणूनच मुलाला ती एका दिवसात पाडावीशी वाटते.

मग वेळ ओळखायची कशी? या प्रश्नाचे उत्तर आपल्याला कृषी विद्यापीठापूर्वी शुभवर्तमानात सापडते, हे सांगितल्यास कोणी हसू नये. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील अंजिराच्या झाडाचा दाखला आपण सर्वांनी उपासनेत ऐकला आहे. मालक तीन वर्षे फळ शोधीत येतो, त्याला ते मिळत नाही आणि तो झाड तोडायला सांगतो. माळी मुदत मागतो. दाखला माणसाच्या पश्चात्तापाविषयी आहे, हे आम्ही जाणतो. धर्मगुरूंचे प्रवचन आम्ही विसरलेलो नाही. तथापि प्रभूने तो बागेच्या भाषेत सांगितला, आणि त्यातली बागेची भाषाही खरी आहे. माळी काय मागतो ते बारकाईने पाहा. तो झाड कायमचे राखा असे म्हणत नाही. तो एक वर्ष मागतो. त्या वर्षात तो स्वतः बुंध्याभोवती खणणार आहे आणि खत घालणार आहे. त्यानंतरही फळ आले नाही तर कुऱ्हाडीला त्याची हरकत नाही. म्हणजे मुदत आहे, मुदतीत कष्ट आहेत आणि मुदतीअखेर निर्णय आहे. आमच्या पहिल्या पक्षाकडे मुदत नाही, दुसऱ्याकडे कष्ट नाहीत आणि निर्णय तर दोघांकडेही नाही. एकाचा निर्णय कंत्राटदार घेतो, दुसऱ्याचा वादळ.

हे एक वर्ष कसे वापरावे ते आता सांगतो.

प्रथम पाऊस पाहावा. जोराच्या सरीनंतर छत्री घेऊन अंगणात उभे राहावे आणि पाणी कोठून येते, कोठे थांबते, किती वेळाने मुरते हे पाहावे. जेथे पूर्वी पाणी मुरत होते तेथे आता दिवसभर डबके राहत असेल तर माती दडपली गेली आहे. तिला कुदळ आणि पालापाचोळ्याचे खत हवे आहे, लादी नको. मग उन्हाळा पाहावा. विहिरीची पातळी एप्रिल-मेमध्ये दोरीने मोजावी आणि पाण्याची चव घ्यावी. पाणी मचूळ लागू लागले असेल तर वाडीच्या नूतनीकरणाचा आरंभ बावखलातला गाळ काढण्यापासून करावा, फाटकाच्या खांबांपासून नव्हे.

नंतर माडाकडे वळावे. आमच्या बाणवली माडाला लावल्यापासून सहा ते आठ वर्षांनी नारळ धरतो आणि साठ वर्षांपर्यंत तो चांगले उत्पन्न देऊ शकतो. निरोगी माडाच्या शेंड्याला तीसच्या आसपास झावळ्या असतात आणि महिन्याला साधारण एक नवी येते. झावळ्या मोजाव्यात. त्या कमी झाल्या असतील, खोड वर जाता जाता पेन्सिलीसारखे निमुळते झाले असेल, नारळ लहान पडू लागले असतील, तर माड भुकेला आहे. त्याचे अळे मोठे करावे आणि एक वर्ष शेणखत व पाणी द्यावे. झावळ्या पंख्यासारख्या कातरलेल्या दिसल्या तर गेंड्या भुंगा आला आहे. त्याचे मूळ बहुधा जवळच्या उकिरड्यात किंवा पडून कुजणाऱ्या खोडात असते. खोडाच्या भोकांतून तांबूस रस वाहत असेल तर आत सोंड्या भुंगा शिरला आहे आणि बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. बुंध्याशी आळंबी उगवली, खोडावर थाप मारल्यावर पोकळ आवाज आला, तर मुदतीची गरज नाही. तो माड उतरवावा, आणि मेलेले खोड वाडीत पडू देऊ नये.

आंब्याची गोष्ट निराळी. जुना आंबा फळत नाही म्हणून तो मेला, असे मानणे ही आपली मोठी चूक आहे. फांद्या एकमेकींत घुसल्या, आत ऊन शिरेनासे झाले, बांडगूळ माजले, की निरोगी आंबाही फळणे सोडतो. १९७२ साली दापोलीस स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने जुन्या, दाटलेल्या आंब्यांच्या पुनरुज्जीवनाची पद्धत शेतकऱ्यांपुढे ठेवली आहे. उंच आणि मधल्या फांद्या जाणत्याच्या देखरेखीखाली कापायच्या, कापलेल्या जागी बोर्डो मलम लावायचे, खोडकिड्यावर नजर ठेवायची, नवी फूट विरळ करायची. दोन-तीन वर्षांत झाड पुन्हा मोहोराला येते. चाळीस-पन्नास वर्षांच्या झाडाला तीन वर्षे थांबण्यास तयार नसलेला माणूस नव्या कलमासाठी मात्र पाच वर्षे आनंदाने थांबतो, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते.

मोगऱ्याला तर तोडण्याचे कारणच नाही. जुना मोगरा काष्ठमय झाला तर थंडीत त्याची कडक छाटणी करावी, आणि त्याच्याच फांदीपासून नवे रोप करून शेजारी लावावे. आजी गेली तरी आजीचा मोगरा अशा रीतीने नातवंडांच्या लग्नापर्यंत जिवंत राहतो.

वर्ष संपल्यावर निर्णय घ्यावा, आणि तोही वहीत लिहून : हे राखायचे, हे सुधारायचे, हे काढायचे. काढायचे ठरले त्याच्या जागेजवळ आधी नवे लावावे, मग जुने उतरवावे. जुन्या माडांमधल्या मोकळ्या जागेत रोप लावून ते वाढत जाईल तसतसे म्हातारे माड एकेक करून काढायचे, ही रीत बागायतदारांना ठाऊक आहे. वाडीचे चार भाग करावेत आणि वर्षाला एकच भाग हाती घ्यावा. म्हणजे सावली कधी एकदम जात नाही, पक्षी बेघर होत नाहीत, खर्च एका वर्षाच्या डोक्यावर बसत नाही आणि पहिल्या भागात झालेली चूक दुसऱ्या भागात टाळता येते.

कायद्याचेही स्मरण ठेवावे. महापालिकेच्या हद्दीत झाड आपल्या वाडीतले असले तरी ते तोडण्यास १९७५ च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना विशेष संरक्षण दिले आहे. कंत्राटदार ‘ते आम्ही बघून घेऊ’ असे म्हणतो. तो काय आणि कसे बघून घेतो, हे आपण त्याला विचारीत नाही. विचारले पाहिजे. रविवारी प्रभूपुढे हात जोडायचे आणि सोमवारी शनिवारच्या रात्री पाडलेल्या झाडाची पाने लपवायची, हे आपल्याला शोभत नाही.

आणि येथेच आमच्या मनातले खरे शल्य आहे. १९९० साली या भागाचे नियोजन सिडकोकडे गेले. त्या काळात ज्या समाजाने हिरव्या वसईसाठी मोर्चे काढले, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासोबत जो रस्त्यावर उतरला, तो समाज आपलाच. फादर २०२४ साली देवाघरी गेले. त्यांच्या निधनानंतर आपण शोकसभा घेतल्या, डोळे पुसले. पण बिल्डरच्या बुलडोझरला फाटकाबाहेर अडविणाऱ्यांच्या मुलांनी तोच बुलडोझर ‘वाडीचे काम’ म्हणून फाटकाच्या आत बोलवावा, याला काय म्हणावे? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १ जानेवारी १९९० च्या शांतिदिनाच्या संदेशात सृष्टीशी सलोखा करण्याचे आवाहन केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. त्यावर आपल्या धर्मग्रामांत व्याख्याने झाली, फलक लागले. आम्हाला भीती वाटते ती ही, की पृथ्वीवर प्रेम करणे सोपे आहे, कारण ती दूर आहे. अंगणावर प्रेम करण्यासाठी कुदळ उचलावी लागते.

मे महिन्यात गावच्या क्रुसापुढे जपमाळ होते, तेव्हा क्रुसाला घातलेले हार पाहा. दादरच्या फुलबाजाराला मोगरा आणि सोनचाफा पुरविणाऱ्या या भूमीत आता क्रुसाला बाजारचा, कधी कधी प्लास्टिकचाही हार दिसतो. पवित्र मातेच्या घुमटीभोवती प्लास्टिकचे गवत अंथरलेलेही आम्ही पाहिले आहे. ते कधी वाळत नाही, हे त्याचे कौतुक आम्हाला ऐकविण्यात आले. जे कधी वाळत नाही ते कधी जिवंतही नव्हते, हे कोणीतरी सांगायला हवे होते. आम्हीही त्या वेळी गप्प बसलो.

ज्यांच्या घरी येत्या हंगामात लग्न आहे त्यांच्यावर आमचा राग नाही. लग्न थाटात होऊ द्या. मांडव मातीवरही उभा राहतो. आपल्या आई-वडिलांचे लग्न सारवलेल्या अंगणातच लागले होते. तात्पुरती चटई अंथरा, खडी पसरा, वाट नीट करा. पण जमिनीचा चेहरा कायमचा बदलण्याचा निर्णय घाईच्या त्या महिन्यांत घेऊ नका. लग्नाच्या वर्षी वाडीला हात लावायचा नाही, असा नियमच कुटुंबाने करावा. आणि घरात मूल जन्माला आले की बाप्तिस्म्याच्या आठवड्यात एक माड लावावा. ते मूल पहिल्या कम्युनियनच्या वयाचे होईल तेव्हा माडाला पहिली पेंड धरलेली असेल, आणि ते साठीला येईल तेव्हा दोघेही सोबतच म्हातारे झालेले असतील. त्या वेळी तो माड काढायचा की ठेवायचा हे सांगायला दुसऱ्या कोणाची गरज लागणार नाही.

तोपर्यंत एवढे करावे. येत्या रविवारी मिस्सा आटोपून घरी आल्यावर कुटुंबातील सर्वांत वृद्ध व्यक्तीचा हात धरून वाडीची एक फेरी मारावी. कोणते झाड कोणी लावले, कोणत्या वर्षी लावले, विहिरीला पाणी कोठून येते, बावखल किती खोल होते, हे विचारावे आणि वहीत लिहून घ्यावे. आम्ही ही फेरी मारली नाही. आमच्या आंब्याचे वय किती होते, हे आज आम्हाला सांगता येत नाही, आणि ज्यांना सांगता आले असते ते विचारण्यासाठी आता उरलेले नाहीत.